परागकणाचे कवच आणि नरवंध्य झाडाची तपासणी

सपुष्प वनस्पतींच्या परागकणाभोवतीचे कवच बव्हंशी त्या परागकणाने स्वतः बांधलेले नसते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत एखाद्या वाक्यात उरकली जाते. परंतु नरवंध्य झाडाचे कारण शोधणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला, त्याच्या शिक्षकाला किंवा संकरित बियाण्याच्या प्रक्षेत्रावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला सर्वांत आधी तीच ध्यानात ठेवावी लागते. कवचाचा टिकाऊ भाग परागकोशाच्या आतल्या बाजूला अस्तरासारख्या पसरलेल्या पेशी पुरवतात, या पेशी मातृवनस्पतीच्या असतात आणि त्यांत जनुकांच्या दोन प्रती असतात, तर परागकणात एकच प्रत असते. त्यामुळे बिघाड सूक्ष्मदर्शकाखाली कणात दिसत असला तरी त्याचा उगम बहुधा कणाबाहेर असतो, आणि तो कुठे शोधायचा, कोणत्या अवस्थेत शोधायचा व संततीत त्याचे प्रमाण काय निघेल या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीवर अवलंबून राहतात.

पक्व परागकणाच्या कवचाचे दोन मुख्य थर असतात. बाहेरचा थर, म्हणजे बाह्यकवच, स्पोरोपोलेनिन या अत्यंत चिवट बहुवारिकाचा बनलेला असतो. हा पदार्थ मेदाम्लांपासून आणि सुगंधी वलययुक्त संयुगांपासून तयार होतो, आम्ले व जिवाणू यांना दाद देत नाही, आणि म्हणूनच लक्षावधी वर्षांपूर्वीचे परागकण खडकांत ओळखण्याजोगे सापडतात. आतला थर, म्हणजे अंतःकवच, सेल्युलोज व पेक्टिन यांचा असतो आणि तो मात्र परागकण स्वतः घडवतो. बाह्यकवचावरील नक्षी जातीगणिक वेगळी असते: जास्वंदीचा परागकण साध्या सूक्ष्मदर्शकाच्या शंभरपट वर्धनाखालीही काटेरी गोळ्यासारखा दिसतो, तर भात, ज्वारी किंवा कोणत्याही गवताचा कण जवळजवळ गुळगुळीत असून त्यावर उंचवट्याच्या कड्याने वेढलेले एकच रंध्र असते. रंध्र म्हणजे ज्या ठिकाणी बाह्यकवच जमत नाही किंवा फार पातळ राहते ती जागा. परागनलिका सामान्यतः तिथूनच बाहेर पडते. बाह्यकवचाच्या नक्षीच्या खाचांत परागकोशाच्या पेशींचे अवशेष, मेद आणि प्रथिने यांचा लेप बसतो, जो कण कुक्षीवर चिकटण्यास व तेथून पाणी घेण्यास मदत करतो.

कवचाची बांधणी कोणत्या क्रमाने होते हे समजून घेतल्याशिवाय तपासणीला हात घालू नये. परागमातृपेशी अर्धसूत्री विभाजनाला लागतात तेव्हा त्यांच्याभोवती कॅलोज नावाच्या शर्करा-बहुवारिकाची जाड भिंत उभी राहते, आणि विभाजनानंतर तयार झालेली चार लघुबीजुके, म्हणजे भावी परागकण, याच कॅलोजच्या वेष्टनात चौकडीने राहतात. या चौकडीला चतुष्क म्हणतात. चतुष्क अवस्थेत प्रत्येक लघुबीजुकाच्या पटलाभोवती आद्य बाह्यकवचाचा नाजूक साचा तयार होतो, पटल लहरीसारखे दुमडते, आणि त्या लहरींच्या ठरावीक ठिकाणी स्पोरोपोलेनिनचे पहिले खांब रोवले जातात. त्यानंतर परागकोशाचे आतले अस्तर असलेल्या पोषकस्तराच्या पेशी, ज्यांना प्रयोगशाळेत सर्रास टॅपेटम म्हणतात, कॅलोज विरघळवणारे विकर सोडतात, लघुबीजुके विलग होतात आणि स्पोरोपोलेनिनचा खरा ओघ सुरू होतो. भातासारख्या पिकांत हा माल पोषकस्तराच्या आतील पृष्ठभागावर सूक्ष्म कणिकांच्या रूपाने जमलेला दिसतो. अखेरीस पोषकस्तर नियोजित मरण पत्करतो व त्याच्या अवशेषांतूनच परागलेप तयार होतो. हे मरण लवकर आले तरी कवच अर्धवट राहते आणि उशिरा आले तरी कण उपाशी मरतात. वेळ चुकणे हाच येथे दोष असतो, आणि पोषकस्तर शिल्लक दिसतो म्हणून तो निरोगी आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांची दिशाभूल इथेच होते.

या बांधणीचे जनुकीय नियंत्रण मोहरीच्या कुळातील अरेबिडॉप्सिस थॅलियाना या लहानशा वनस्पतीत सर्वाधिक तपशिलाने उलगडले आहे. पोषकस्तरातील नियामक प्रथिने, म्हणजे इतर जनुकांचे वाचन सुरू वा बंद करणारी प्रथिने, एकामागून एक अशी काम करतात: डीवायटी-१ हे टीडीएफ-१ ला जागे करते, टीडीएफ-१ एएमएसला, एएमएस एमवायबी-८० ला, आणि त्याखाली एमएस-१ येते. ही साखळी ज्या कामगार जनुकांना कामाला लावते त्यांत एसीओएस-५ हे मेदाम्लांना सक्रिय करते, सीवायपी७०३ए२ आणि सीवायपी७०४बी१ ही त्यांच्यावर हायड्रॉक्सिल गट बसवतात, पीकेएस-ए व पीकेएस-बी ही त्यांची लांबी वाढवून नवे सांगाडे घडवतात, आणि एबीसीजी-२६ हा वाहक तयार माल पेशीबाहेर नेतो असे मानले जाते. कॅलोजची भिंत कॅलएस-५ या जनुकामुळे उभी राहते. साच्याच्या कामात डेक्स-१ आणि आरपीजी-१ लागतात. चतुष्कातील कण एकमेकांपासून सुटण्यासाठी त्यांच्यामधील पेक्टिन मोडावे लागते, आणि ते क्यूआरटी गटातील जनुकांच्या हाती असते. क्यूआरटी बिघडले तर चारही कण जन्मभर जोडलेले राहतात, तरी ते फलनक्षम असतात. दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पतीत ही जोडणी निसर्गतःच असते आणि बाभळीत तर सोळा वा अधिक कणांचे पुंजके असतात. त्यामुळे चार कण एकत्र दिसले की लगेच वंध्यत्वाचा शिक्का मारू नये.

भातात याच साखळीची भावंडे आढळतात. डीवायटी-१ च्या जागी यूडीटी-१, एएमएसच्या जागी टीडीआर, एमएस-१ च्या जागी पीटीसी-१ येते, आणि कामगार जनुकांत सीवायपी७०३ए३, सीवायपी७०४बी२ व डीपीडब्ल्यू ही नावे भेटतात. साखळी इतकी जुनी व सारखी असली तरी एका वनस्पतीतील निष्कर्ष दुसरीवर जसाच्या तसा लादता येत नाही. सीवायपी७०४बी गटातील जनुक अरेबिडॉप्सिसमध्ये बिघडले तर बाह्यकवच जवळजवळ नाहीसे होते, तरीही झाड बऱ्यापैकी शेंगा धरते. तेच जनुक भातात बिघडले की झाड पूर्ण वंध्य होते. आयएनपी-१ या रंध्र ठरवणाऱ्या जनुकाची गोष्टही अशीच आहे: अरेबिडॉप्सिसचे रंध्रहीन कण कवच फोडून परागनलिका काढू शकतात, पण मक्याचे व भाताचे रंध्रहीन कण तसे करू शकत नाहीत.

नियंत्रण मातृवनस्पतीकडे आहे की कणाकडे, हा भेद येथे निर्णायक ठरतो. मराठी परिभाषेत द्विगुणित वनस्पतीला बीजुकधारी पिढी आणि एकगुणित परागकणाला गंतुकधारी पिढी म्हणतात. बाह्यकवचाचे जनुक बीजुकधारी पद्धतीने काम करते, म्हणून ज्या झाडात त्या जनुकाची एक प्रत चांगली व एक बिघडलेली असते, त्याचे सर्वच परागकण सुबक असतात, ज्या कणांत बिघडलेली प्रत गेली तेसुद्धा. कारण भिंतीचा माल त्यांना मातृवनस्पतीच्या निरोगी पोषकस्तराकडून मिळालेला असतो. उलट अंतःकवचासाठी किंवा कणाच्या आतील वाढीसाठी लागणारे गंतुकधारी जनुक बिघडले तर त्याच झाडाचे अर्धे कण खराब निघतात. एकाच परागकोशात निम्मे कण भरलेले आणि निम्मे सुरकुतलेले दिसले, तर बाह्यकवचाच्या जनुकांची यादी बाजूला ठेवून दुसरीकडे शोध घ्यावा. गुणसूत्रांतील मोठ्या अदलाबदलीनेही असे दृश्य दिसते, हेही लक्षात असू द्यावे.

हा भेद किती खरा आहे हे मक्याच्या एका बीजोत्पादन पद्धतीत फार स्पष्ट दिसते. एमएस-४५ हे मक्याच्या परागकवचासाठी लागणारे जनुक आहे, आणि त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेले झाड नरवंध्य असते. असे झाड स्वतःचे बी देऊ शकत नसल्याने त्याची जात टिकवणे अवघड होते. त्यावर उपाय म्हणून अशा झाडात तीन जनुकांचा एक संच एकत्र बसवला गेला: चांगले एमएस-४५, परागकणात स्टार्च मोडून तो कण निकामी करणारे अमायलेज, आणि बियाला लाल चकाकी देणारे रंगजनुक. संचाची एकच प्रत असलेल्या झाडात पोषकस्तराला चांगले एमएस-४५ मिळाल्याने सर्व कणांची भिंत धड होते. पण ज्या अर्ध्या कणांत संच गेला ते अमायलेजमुळे फलनाला नालायक ठरतात, आणि संच नसलेले उरलेले अर्धे कण, ज्यांच्याजवळ एमएस-४५ ची फक्त बिघडलेली प्रत आहे, ते मात्र उत्तम फलन करतात. परिणामी कणसात निम्मे दाणे लाल व निम्मे साधे निघतात, रंग पाहून ते वेगळे करता येतात, आणि साध्या दाण्यांतून निघणारी झाडे नरवंध्य व त्या संचापासून मुक्त असतात. भिंत आईने बांधली आणि मरण कणाने ओढवले, या दोन्ही गोष्टी एकाच परागकोशात इतक्या लख्खपणे दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. भातात ओएसएनपी-१ या जनुकाचा वापर करून चीनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये हीच युक्ती प्रकाशित केली.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळावे. सर्वांत मोठी चूक उमललेल्या फुलापासून सुरुवात करण्याची असते, कारण तोवर बिघाड होऊन गेलेला असतो व फक्त रिकामी पिशवी हाती लागते. मोहरीवर्गीय पिकांत एकाच फुलोऱ्यात मधल्या कोवळ्या कळीपासून कडेच्या उमललेल्या फुलापर्यंत सर्व अवस्था मिळतात, म्हणून कळ्या लांबीनुसार क्रमाने मांडून तपासाव्यात. भातात ध्वजपर्ण व त्याखालचे पान यांच्या तळाशी असलेले कानासारखे भाग एका पातळीत येण्याच्या आसपास अर्धसूत्री विभाजन चालू असते, आणि तेव्हापासून पुढच्या अवस्थांचे नमुने एकेक दिवसाच्या अंतराने घ्यावेत. प्रत्येक अवस्थेसाठी शेजारच्या निरोगी झाडाचा जोडनमुना त्याच वेळी घेणे अनिवार्य समजावे. जोडनमुन्याशिवाय काढलेले छायाचित्र कितीही सुंदर असले तरी त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. कळ्या तीन भाग अल्कोहोल व एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात चोवीस तास ठेवून नंतर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये थंड जागी साठवाव्यात. परागलेप पाहायचा असेल तर मात्र ताजे कणच घ्यावेत, कारण अल्कोहोलमध्ये त्यातील मेद धुऊन जातो.

पहिली ओळख ॲसेटोकार्माइनमध्ये दाबून केलेल्या काचपट्टीवर करावी आणि चतुष्के तयार होतात का, सुटतात का, सुटल्यावर कणांचा आकार टिकतो का, एवढेच आधी पाहावे. चतुष्के नीट तयार झाली, सुटली, आणि मग एक-दोन अवस्थांतच कण फुटून त्यांचा लगदा झाला, तर संशय साच्यावर किंवा स्पोरोपोलेनिनच्या पुरवठ्यावर धरावा. चतुष्के सुटलीच नाहीत तर ॲनिलिन ब्लूने रंगवून प्रदीप्त सूक्ष्मदर्शकाखाली कॅलोज शिल्लक आहे का ते पाहावे: वेष्टन चमकत राहिले तर कॅलोज विरघळवणारे विकर आलेले नाही, आणि वेष्टन गेले तरी कण चिकटलेले असतील तर पेक्टिनकडे पाहावे. बाह्यकवचासाठी ऑरामाइन-ओ आणि अंतःकवचासाठी कॅल्कोफ्लोर व्हाइट हे प्रदीप्त रंग उपयोगी पडतात. दोन्ही एकाच काचपट्टीवर वापरल्यास कोणता थर हरवला आहे ते एका नजरेत कळते. पोषकस्तर फुगलेला, रिकाम्या पोकळ्यांनी भरलेला किंवा अवेळी आक्रसलेला आहे का, हे केवळ छेद घेऊनच ठरवता येते, आणि जिथे छेद घेण्याची सोय नसेल तिथे पोषकस्तराविषयी विधान करण्याचे टाळावे.

रंगांवर विसंबताना दोन सापळे सांभाळावे लागतात. आयोडिन स्टार्चला रंगवते, म्हणून भात, मका, ज्वारी यांच्या पक्व कणांना ते योग्य आहे; मोहरीवर्गीय पिकांच्या पक्व कणांत साठा मुख्यतः तेलाचा असल्याने तिथे आयोडिनने न रंगलेला कण वंध्य ठरवणे ही उघड चूक होय. अलेक्झांडर यांनी १९६९ मध्ये सुचवलेला रंग कवच हिरवे आणि आतील पेशीद्रव लालसर जांभळे दाखवतो, व भरलेला कण आणि रिकामा कण यांतील फरक त्यात फार चांगला दिसतो. मूळ कृतीत फिनॉल व क्लोरल हायड्रेट लागते, म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी ते दोन्ही वगळलेली नंतरची सुधारित कृती वापरावी. पण आयएनपी-१ बिघडलेला भाताचा कण बाहेरून भरलेला दिसतो, रंगही घेतो, आणि तरीही रंध्र नसल्याने फलन करू शकत नाही. रंगला म्हणजे रुजला असे नव्हे. साखर व बोरॉनयुक्त माध्यमात कण रुजवून पाहणे आणि निरोगी मादीवर तो टाकून बी धरते का हे पाहणे, या दोन कसोट्या त्यासाठीच असतात.

बाह्यकवच खरोखर आहे की नाही याचा सर्वांत कठोर पुरावा एर्टमान या स्वीडिश परागशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲसेटोलिसिस प्रक्रियेत मिळतो. नऊ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड व एक भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांच्या मिश्रणात कण तापवले की पेशीद्रव व अंतःकवच नष्ट होते आणि स्पोरोपोलेनिनचे पोकळ कवच तेवढे उरते. ज्या वंध्य झाडात स्पोरोपोलेनिनच बसलेले नाही त्याच्या नळीत काहीच उरत नाही. हे मिश्रण पाण्याशी जोराने प्रतिक्रिया देते, म्हणून नमुना आधी ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने पूर्ण निर्जल करावा, आम्ल थेंबाथेंबाने ॲनहायड्राइडमध्ये घालावे, उलट कधीही नाही, आणि हे काम धुराडे असलेल्या कक्षात, चष्मा व हातमोजे घालून, जाणत्या व्यक्तीच्या उपस्थितीतच करावे.

सूक्ष्मदर्शकाइतकेच महत्त्व मोजणीला आहे. वंध्य झाडावर निरोगी झाडाचे पराग टाकून मिळालेली पहिली पिढी सर्व निरोगी निघाली आणि तिच्या स्वपरागणातून दुसऱ्या पिढीत तीनास एक असे प्रमाण आले, तर केंद्रकातील एका अप्रभावी जनुकाचा तर्क धरता येतो. उदाहरणादाखल १२० झाडांत ८८ निरोगी व ३२ वंध्य निघाली असे मानले, तर अपेक्षित संख्या ९० व ३० होतात, काय-वर्गाचे मूल्य सुमारे ०.१८ येते, आणि ते ३.८४ या मर्यादेच्या बरेच खाली असल्याने तर्क टिकतो. पहिली पिढी पुन्हा वंध्यच निघाली आणि पुढील संकरांतही वंध्यत्व मादीकडून उतरत राहिले, तर दोष बहुधा पेशीद्रवातील, मायटोकाँड्रियाच्या जनुकांशी निगडित आहे. त्या प्रकारातही पोषकस्तर कोसळलेला दिसू शकतो, म्हणून केवळ छेदावरून जनुकाचे नाव घेणे धोक्याचे असते. दोन वंध्य झाडांत बिघडलेले जनुक एकच आहे का हे तपासण्यासाठी एकाच्या वंध्य झाडावर दुसऱ्याच्या विषमयुग्मी भावंडाचे पराग टाकावेत: संततीत निम्मी झाडे वंध्य निघाली तर जनुक एकच, सर्व निरोगी निघाली तर जनुके वेगळी.

हवामानाचा वाटा वगळून चालत नाही. कवचाच्या जनुकांतील सौम्य बिघाड तापमानानुसार झाकला वा उघडा पडतो. अरेबिडॉप्सिसच्या अशा अनेक वंध्य वाणांना थंडीत वाढवले असता कणांची वाढ संथ होते, अर्धवट भिंतीलाही पुरेसा वेळ मिळतो आणि फलनक्षमता परत येते. म्हणून एकाच हंगामातील निरीक्षणावरून वंध्यत्व कायमचे ठरवू नये आणि पेरणीच्या किमान दोन वेगवेगळ्या तारखांना झाडे तपासावीत.

जनुकाच्या वाचनाचे प्रमाण मोजणाऱ्यांनी साखळीचा क्रम कधीही विसरू नये. एसीओएस-५ चे प्रमाण घटलेले आढळले म्हणजे दोष तिथेच आहे असे होत नाही. वरच्या एएमएसमध्ये बिघाड असेल तर खालची सगळी नावे एकदम मंदावतात, आणि पोषकस्तर मेलेला असेल तर कोणतेही जनुक मंद दिसणारच. याउलट पीकेएस-ए किंवा पीकेएस-बी यांपैकी एकच बिघडले तर दुसरे बरेचसे सावरून घेते व झाडाला बी धरते, म्हणून फलन झाले यावरून जनुक निरुपयोगी ठरवू नये.

या ज्ञानाचा शेतीशी असलेला संबंध दूरचा नाही. १९९० मध्ये तंबाखूच्या पोषकस्तरात काम करणारा टीए-२९ हा प्रवर्तक आणि एका जिवाणूचे बार्नेज हे आरएनए तोडणारे विकर यांची जोडणी करून पोषकस्तर नष्ट करण्यात व नरवंध्य झाडे मिळवण्यात यश आले. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या डीएमएच-११ या मोहरीच्या संकराचा पाया हेच बार्नेज आणि त्याला निष्प्रभ करणारे बारस्टार हे प्रथिन यांची जोडी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये या संकराला पर्यावरणीय प्रसारणाची शिफारस मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा त्यावर विभागलेला निकाल आला.

महाराष्ट्रातील वाचकाला मात्र तुरीचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल, आणि त्यात प्रयोगशाळेपेक्षा शेतातील नजर मोलाची ठरली. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेत तुरीच्या वाणसंग्रहात पिवळ्याऐवजी पांढुरके, आरपार दिसणारे परागकोश असलेली झाडे आढळली व १९७८ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांत चतुष्के विलग होत नाहीत आणि पोषकस्तर वेळेवर न विरता टिकून राहतो. अशा वाणाची मादी ओळ टिकवताना निम्मी झाडे निरोगी निघतात, आणि ती फुले येताच परागकोशाचा रंग पाहून उपटावी लागतात, हे कष्टाचे काम आहे यात शंका नाही. तरीही पाहणीच्या वेळी पुष्कळ फुले असूनही शेंग न धरणारे, परागकोश फिके असणारे एखादे झाड दिसले, तर ते निरुपयोगी म्हणून उपटू नये. त्याला खूणपट्टी बांधावी, वेगवेगळ्या लांबीच्या कळ्या अल्कोहोल-ॲसेटिक आम्लात टाकाव्यात, आणि त्याच दिवशी शेजारच्या निरोगी भावंडाचे पराग त्याच्या कुक्षीवर टाकून बी धरून ठेवावे. १९९१ मध्ये प्रसारित झालेला आयसीपीएच-८ हा तुरीचा जगातील पहिला संकरित वाण अशाच झाडांच्या वंशातून उभा राहिला.